दोन प्रश्न एकच केव्हा?

एका वाचनालयाची कल्पना करावी. सकाळी दार उघडताच एक सभासद येतो आणि ग्रंथपालांना विचारतो, "१९०० पूर्वी प्रसिद्ध झालेली हरिभाऊ आपट्यांची कोणती पुस्तके इथे आहेत?" ग्रंथपाल कपाटे धुंडाळून यादी करून देतात. तासाभराने दुसरा सभासद येतो आणि म्हणतो, "हरिभाऊ आपट्यांची जी पुस्तके १९०० च्या आधी छापली गेली, ती पाहायची आहेत." ग्रंथपाल पुन्हा कपाटाकडे जात नाहीत. सकाळची यादी टेबलावर असते, तीच ते पुढे करतात. शब्द मागेपुढे झाले तरी प्रश्न तोच आहे, हे त्यांना क्षणात उमगलेले असते.

थोड्या वेळाने तिसरा सभासद येतो. त्याला आपट्यांची लाल बांधणीची पुस्तके हवी असतात. समजा, योगायोग असा की त्या वाचनालयात आपट्यांची १९०० पूर्वीची पुस्तके तेवढीच लाल कापडात बांधलेली आहेत. उत्तर अक्षरशः तेच आहे. तरीही शहाणा ग्रंथपाल हा प्रश्न सकाळचाच आहे असे मानणार नाही. उद्या एखादे पुस्तक बांधणीवाल्याकडून हिरव्या कापडात परत आले की दोन उत्तरे वेगळी होतील. आज उत्तर एक आले म्हणून प्रश्न एक ठरत नाही.

माणूस हा निवाडा सहज करतो. संगणकाला तो करायला लावला म्हणजे त्यातील खाचखळगे दिसू लागतात. हा विषय केवळ तर्कशास्त्राच्या वर्गातला नव्हे. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी, शाळेचा निकाल, या साऱ्यांच्या मागे आज माहितीचे साठे आहेत आणि त्यांच्यावर अहोरात्र प्रश्नांचा वर्षाव होत असतो. दोन प्रश्न एकच आहेत की नाहीत हे ठरवण्यात चूक झाली, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडते, किंवा एखाद्याचे नाव यादीतून निमूटपणे गळते.

या साठ्यांची आजची घडण समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९७० मध्ये आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी एक मूलगामी विचार मांडला. माहिती कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने वाहू नये. सर्व माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडावी. काय हवे एवढेच सांगावे, आणि ते कसे शोधावे हे यंत्रावर सोपवावे. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या विचाराला साजेशी प्रश्नभाषा मांडली. तीच पुढे एस.क्यू.एल. या नावाने जगभर रूढ झाली.

परंतु आज्ञावली लिहिणाराचे जग तक्त्यांचे नसते. त्याच्या लेखी 'सभासद' ही एक वस्तू असते. तिला नाव असते, जन्मवर्ष असते, तिने घरी नेलेली पुस्तके असतात. साठ्याच्या लेखी मात्र तोच सभासद म्हणजे एका तक्त्यातील एक ओळ आणि दुसऱ्या तक्त्यातील पाचदहा ओळी. या दोन जगांच्या मध्ये एक दुभाषा लागतो. त्यालाच ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, किंवा आद्याक्षरांनी ओ.आर.एम., असे म्हणतात. पायथॉन या संगणकभाषेत असे दोन दुभाषे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला जँगो या चौकटीच्या पोटात आहे. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी एका दैनिक वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. दुसरा एस.क्यू.एल.-आल्केमी हा होय. माइक बेयर यांनी तो २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला.

या दुभाष्यांची एक लकब लक्षात घेतली पाहिजे. त्यांच्याकडे प्रश्न रचणे आणि प्रश्न विचारणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. आज्ञावलीकाराने 'सभासद हवेत' असे लिहिले, की एक चिठ्ठी तयार होते. 'त्यातले इंदूरचे' असे म्हटले, की जुनी चिठ्ठी तशीच राहते आणि तिच्यावरून नवी चिठ्ठी होते. ही चिठ्ठी खिशात ठेवता येते, दुसऱ्याला देता येते, तिच्यात आणखी एखादी अट घालता येते. उत्तराची खरोखर गरज पडेपर्यंत ती साठ्याकडे जातच नाही. म्हणजे प्रश्न हीच एक वस्तू झाली. आणि वस्तू म्हटली की तुलना आलीच: ही चिठ्ठी आणि ती चिठ्ठी एकच काय?

येथे 'एकच' या साध्या शब्दाला तीन अर्थ फुटतात. पहिला अर्थ, कागद एकच. दोन हातांनी धरलेली असली तरी चिठ्ठी तीच. दुसरा अर्थ, मजकूर एकच. कागद दोन आहेत, पण शब्दास शब्द जुळतो. तिसरा अर्थ, आशय एकच. शब्द भिन्न असतील, क्रम भिन्न असेल, पण साठ्यात काहीही भरलेले असो, दोन्ही चिठ्ठ्यांना उत्तर नेहमी सारखेच येईल. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले, की गोंधळास प्रारंभ होतो.

जँगोने पहिला अर्थ पत्करला आहे. 'सर्व सभासद' अशी एक चिठ्ठी लिहिली, तिच्याशेजारी अगदी तशीच दुसरी लिहिली आणि दोन्ही समान आहेत काय असे विचारले, तर उत्तर येते, 'नाही'. नवख्याला हे चमत्कारिक वाटते, कारण त्याच जँगोत दोन सभासदांची तुलना केली तर निकाल वेगळ्या तत्त्वावर लागतो. तेथे दोन वस्तू एकाच प्रकारच्या असल्या आणि त्यांचा नोंदणी क्रमांक एकच असला की त्या समान. एकीत नाव दुरुस्त झालेले असले आणि दुसरीत जुनेच राहिले असले तरी हरकत नाही. याचे कारण उघड आहे. सभासदाला क्रमांक असतो. प्रश्नाला क्रमांक नसतो. प्रश्नाची ओळख कशावरून पटवायची हेच ठरलेले नसल्यामुळे जँगोने सर्वांत निर्धोक वाट धरली: कागद तोच असेल तरच होकार.

प्रश्नातील अटींच्या बाबतीत मात्र जँगो एक पायरी पुढे जातो आणि मजकूर ताडून पाहतो. अटी एकाच कंसात नावांनिशी दिल्या, तर तो त्या नावांच्या क्रमाने लावून घेतो. त्यामुळे 'गाव इंदूर, वर्ग आजीव' आणि 'वर्ग आजीव, गाव इंदूर' या समान ठरतात. पण त्याच दोन अटी स्वतंत्रपणे लिहून 'आणि'ने जोडल्या, तर लिहिलेला क्रम तसाच राहतो आणि उलट क्रमाची जोडी असमान ठरते. 'आणि'च्या दोन बाजू बदलल्याने अर्थ बदलत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. यंत्र मात्र येथे अर्थ पाहतच नाही, ते अक्षर पाहते.

एस.क्यू.एल.-आल्केमीत आणखी एक मौज आहे. तेथे समानतेचे चिन्हच प्रश्नाच्या कामी लावलेले आहे. 'गाव समान इंदूर' असे लिहिले तर त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे मिळत नाही. 'ज्यांचे गाव इंदूर आहे' ही अट चिठ्ठीवर उमटते. दुभाष्याला विचारावे, "हे दोघे सारखे का?" आणि त्याने ते वाक्य मुकाट्याने चिठ्ठीत उतरवून घ्यावे, असा हा प्रकार. त्यामुळे तुलनेसाठी निराळी सोय करावी लागली. दोन रचनांचा सांगाडा ताडून पाहणारी एक स्वतंत्र क्रिया तेथे आहे. ती मजकुराची तुलना करते, आशयाची नव्हे.

मग तिसऱ्या अर्थाची, खऱ्या अर्थाची, तुलना हे दुभाषे का करीत नाहीत? आळसामुळे नव्हे. तेथे गणिताचीच भिंत आडवी येते. १९७७ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले अशोक चंद्र आणि फिलिप मर्लिन यांनी साध्यातल्या साध्या प्रश्नांचा, म्हणजे ज्यांत केवळ 'आणि'ने जोडलेल्या अटी आहेत अशांचा, विचार केला. एका प्रश्नातील पदे दुसऱ्यातील पदांवर नीट बसवता आली तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात सामावते, आणि उलटसुलट दोन्हीकडून तसे बसवता आले तर प्रश्न समानार्थी, असा सुंदर निकष त्यांनी दिला. पण त्याबरोबरच हेही दाखवून दिले, की हे बसवणे ज्या कठीण समस्यांच्या कुळातले आहे, त्यांच्यासाठी सर्व प्रसंगी झटपट चालणारी रीत आजतागायत कोणाला गवसलेली नाही. शिवाय हा निकष उत्तराकडे संच म्हणून पाहतो. त्यात एकच ओळ दोनदा येणे आणि एकदा येणे यांत भेद नाही. एस.क्यू.एल.मध्ये तो भेद आहे.

प्रश्नात 'नाही', 'कोणीच', 'प्रत्येक' असे शब्द मोकळेपणाने आले, की परिस्थिती याहून बिकट होते. सोव्हिएत तर्कशास्त्रज्ञ बोरिस त्राख्तेनब्रोत यांनी १९५० मध्येच जे सिद्ध केले होते, त्यावरून असे निघते की अशा दोन प्रश्नांची समानार्थता हमखास ठरवून देणारी कोणतीही यांत्रिक रीत असूच शकत नाही. वेळ कितीही द्यावा, यंत्र कितीही वेगवान आणावे, सर्व प्रसंगांना पुरणारा निवाडा मिळणार नाही. विशिष्ट जोड्यांविषयी मात्र प्रयत्न करता येतो. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेले कोझेट नावाचे साधन दोन प्रश्न घेते आणि ते समान असल्याची सिद्धता, नाहीतर दोघांची उत्तरे भिन्न पाडणारे एखादे उदाहरण, शोधू पाहते. कधी पहिले हाती लागते, कधी दुसरे, आणि कधी काहीच नाही.

ही झाली तत्त्वाची गोष्ट. व्यवहारात माणूस फसतो तो याहून साध्या जागी. वाचनालयाकडे पुन्हा वळावे. 'ज्या सभासदाकडे मुदत उलटलेले नाटक आहे' आणि 'ज्या सभासदाकडे नाटक आहे आणि ज्याच्याकडे मुदत उलटलेले पुस्तक आहे' ही दोन वाक्ये घाईने वाचणाऱ्याला सारखीच वाटतील. पहिल्यात दोन्ही अटी एकाच पुस्तकाला लागू आहेत. दुसऱ्यात नाटक एक आणि मुदत उलटलेली कादंबरी दुसरी, असेही चालते. जँगोत हा भेद केवळ मांडणीने होतो. दोन्ही अटी एकाच चाळणीत घातल्या तर पहिला अर्थ निघतो. एका चाळणीनंतर दुसरी चाळणी लावली तर दुसरा. एक ओळ 'सुटसुटीत' करण्याच्या भरात दोनाची एक चाळणी करणारा आज्ञावलीकार प्रश्नच बदलून टाकतो. शिवाय दुसऱ्या मांडणीत एकच सभासद उत्तरात अनेकदा येऊ शकतो, आणि दंडाच्या नोटिसा त्या यादीवरून निघत असतील तर त्याला एकाऐवजी तीन नोटिसा जातात.

दुसरी फसगत कोऱ्या रकान्याची. समजा, १९६० पूर्वी जन्मलेल्या सभासदांना वर्गणीत सवलत द्यायची आहे. नोंदवहीत कित्येकांचे जन्मवर्ष लिहिलेलेच नाही. 'जे १९६० पूर्वी जन्मले' आणि 'जे १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मले त्यांना वगळून बाकीचे' ही दोन वाक्ये अंकगणितात एकरूप आहेत. एस.क्यू.एल.मध्ये कोऱ्या रकान्याशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते. ती 'अज्ञात' असते, आणि अज्ञाताला नकार जोडला तरी ते अज्ञातच राहते. म्हणून सरळ एस.क्यू.एल.मध्ये कोऱ्या जन्मवर्षाचा सभासद दोन्ही याद्यांतून बाहेर राहतो. जँगोचा दुभाषा मात्र 'वगळून' या शब्दाचा अर्थ बोलीभाषेतल्यासारखा लावतो: ज्याच्याविषयी वगळण्याची अट सिद्ध होत नाही, तो राहतो. त्यामुळे तेथे कोऱ्या वर्षाचा सभासद पहिल्या यादीत नाही आणि दुसऱ्या यादीत आहे. ज्या वृद्ध बाईंची जन्मतारीख कोणी कधी टिपून ठेवली नाही, त्यांना सवलत मिळणार की नाही, हे समितीच्या ठरावावर नव्हे, तर कोणा आज्ञावलीकाराने दोनांपैकी कोणते वाक्य लिहिले यावर ठरते. ही दोन वाक्ये एकच आहेत असे त्याने गृहीत धरले असेल, तर आपण काही ठरवले हेही त्याला कळत नाही.

अशा चुका पकडण्यासाठी चाचण्या लिहितात. जँगोत दोन उत्तरे ताडून पाहण्याची सोय आहे, आणि तिच्यातील एक बारकावा वाखाणण्याजोगा आहे. प्रश्नात उत्तराचा क्रम सांगितलेला नसेल आणि ताडण्यासाठी दिलेल्या यादीत एकाहून अधिक नोंदी असतील, तर ती क्रमवार तुलना करण्याचे नाकारते आणि चूक दाखवते. क्रम सोडून तुलना हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. जो क्रम मागितलाच नाही तो आज जुळला म्हणून उद्या जुळेल असे नाही, हे ती बजावते. तरीही ही तुलना उत्तरांची आहे, प्रश्नांची नव्हे. ती लाल बांधणीच्या योगायोगाला बळी पडू शकते. नमुन्याच्या माहितीत कोऱ्या वर्षाचा एकही सभासद नसेल, दोन पुस्तके नेलेला एकही नसेल, तर वर सांगितलेले सर्व भेद झाकले जातात आणि चाचणी हसतमुखाने उत्तीर्ण होते. एका नमुन्यावर उत्तरे भिन्न आली तर प्रश्न भिन्न, हे सिद्ध होते. हजार नमुन्यांवर उत्तरे जुळली तरी प्रश्न एक, हे सिद्ध होत नाही. म्हणून नमुना निवडताना मुद्दाम अडचणीची माणसे आत घ्यावी लागतात: ज्याचा रकाना कोरा आहे तो, ज्याचे नाव दोनदा येऊ शकते तो, ज्याच्याकडे काहीच नाही तो.

आता मुख्य मुद्द्याकडे यावे. आशयाची समानता नेहमी ठरवता येत नाही, तर दुभाष्याने चुकायचे कोणत्या बाजूला? दोन चुका संभवतात. प्रश्न खरोखर एकच असता 'वेगळे' म्हणणे ही पहिली. तिची किंमत काय? ग्रंथपालांना पुन्हा एकदा कपाटाकडे जावे लागते. वेळ जातो, श्रम जातात. प्रश्न वेगळे असता 'एकच' म्हणणे ही दुसरी. तिची किंमत अशी, की एका सभासदाची यादी दुसऱ्याच्या हाती ठेवली जाते, आणि ती देणारा व घेणारा दोघेही निःशंक असतात. पहिली चूक खर्चाची आहे, दुसरी विश्वासाची. खर्च हिशेबात दिसतो. दुसरी चूक कोठेच दिसत नाही.

चांगल्या दुभाष्यांनी हा फरक ओळखला आहे. एस.क्यू.एल.-आल्केमीच्या २०२१ मध्ये आलेल्या १.४ या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नापासून एक ओळखखूण तयार करण्याची योजना आली. प्रश्नाचे एस.क्यू.एल.मध्ये भाषांतर करायला वेळ लागतो; तेव्हा एकदा केलेले भाषांतर या खुणेखाली जपून ठेवायचे आणि तशाच रचनेचा प्रश्न पुन्हा आला की ते काढून वापरायचे. येथे 'तशाच' या शब्दाची व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. 'सभासद क्रमांक ५' आणि 'सभासद क्रमांक ९' या प्रश्नांचा साचा एकच मानला जातो. पण ५ आणि ९ हे आकडे साच्यात मिसळत नाहीत, ते दर वेळी स्वतंत्रपणे साठ्याकडे जातात. जपून ठेवलेला असतो तो साचा, उत्तर नव्हे. हीच खूण वापरून कोणी उत्तरेच जपून ठेवू लागला आणि आकडे विसरला, तर पाचव्या सभासदाचे कपाट नवव्याला उघडून दिल्यासारखे होईल.

त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. आज्ञावलीकार स्वतःच्या नव्या रचना या दुभाष्यात बसवू शकतात. त्या रचनांची खूण भरवशाची आहे की नाही हे दुभाष्याला बाहेरून कळत नाही. अशा वेळी तो अंदाज बांधीत नाही. रचना करणाऱ्याने 'ही जपून ठेवण्यास योग्य आहे' असे स्वतः नमूद करावे, अशी तो अपेक्षा करतो. तसे नमूद नसेल तर तो भाषांतर जपून ठेवीत नाही. दर वेळी नव्याने करतो आणि इशारा देतो. काम मंदावते, पण चुकीचे होत नाही. शंका असेल तेथे 'वेगळे' मानावे, हा तो दंडक.

अज्ञानात 'नाही' म्हणणे हे यंत्राच्या बाबतीत उणेपण नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे. दोन चिठ्ठ्या समान आहेत का असे विचारल्यावर जँगो 'नाही' म्हणतो, तेव्हा तो 'आशय भिन्न आहे' असे सांगत नसतो. 'एक असल्याची हमी देता येत नाही' एवढेच सांगत असतो. ते उत्तर ऐकणाऱ्याने त्याच अर्थाने घेतले पाहिजे. आणि ज्याला खात्रीच हवी आहे, त्याने आपल्याला तिन्हीपैकी कोणती समानता हवी आहे हे आधी ठरवले पाहिजे. तोच कागद हवा असेल तर चिन्ह पुरे आहे. तोच मजकूर हवा असेल तर सांगाडा ताडावा. तोच आशय हवा असेल तर माणसाने बसून विचार करावा, भिन्नता उघडी पाडणारा नमुना शोधावा, आणि तो सापडला नाही तरी सावध राहावे.

वाचनालयातले ग्रंथपाल तिसऱ्या सभासदासाठी पुन्हा कपाटाकडे जातात. यादी तीच निघते. टेबलावरची यादी तेवढ्यात देता आली असती असे कोणी म्हणेल. पण ज्या दिवशी हिरव्या बांधणीचे पुस्तक परत येईल, त्या दिवशीही या ग्रंथपालांची यादी बरोबर असेल.